म्बिसीन येट कापते

म्बिसीन सार माझी बटीक आहे, असं मी लग्न होऊन या गावात आले त्या दिवसापासून सांगत आले, आणि ती माझ्याबद्दल अगदी तेच सांगत आली. ती सेरेर, समुद्राकाठची. मी तुकुलेर, उत्तरेकडच्या नदीकाठची. आमच्या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे, ते कुणी आणि का लावलं ते देवाला ठाऊक. भेटलं की आधी एकमेकींच्या खाण्याची, अकलेची आणि बापजाद्यांची लाज काढायची, मग हालहवाल विचारायची. राग धरायचा नाही. धरला तर लोक हसतात.

"ए बटके, उठलीस का? की येऊन लाथ घालू?" हे तिचं सकाळचं.

"उठले गं, भातखाऊ. तुझ्या पातेल्याला काही खरवड उरलीय का बघायला येतच होते." हे माझं.

होड्या लागतात तिथेच वाळूवर तिची फळी आणि माझी फळी शेजारी शेजारी. त्या फळ्यांवर आम्ही बायका येट कापतो. येट म्हणजे माणसाच्या डोक्याएवढा शंख आणि त्यातून ओसंडणारा मांसाचा गोळा. इतर शंखांना आत शिरून दार लावून घेता येतं. येटला दार नाही, आणि त्याचा पाय एवढा मोठा की तो स्वतःच्या घरात मावतही नाही. सुरा आत घालून एक पीळ दिला की अख्खं मांस हातात येतं. ते चिरून, उलगडून, पिंपात झाकून आंबवायचं, मग समुद्राच्या पाण्यात खळबळून मांडवावर वाळत टाकायचं. त्याचा वास केसांत बसतो, अंथरुणात बसतो, माझा नवरा होता तेव्हा त्याच्या नमाजाच्या चटईतही बसला होता. पण माशाच्या भातात नखाएवढा तुकडा पडला नाही तर तो भात आजाऱ्याचा लागतो. शहरातल्या बायका नाक मुरडत येतात आणि पिशवी भरून नेतात.

येट आळशी दिसतं म्हणून फसू नये. दिवसा ते वाळूत पुरून घेतं, श्वासाची नळी तेवढी वर. अंधार पडला की शिकारीला निघतं. एखादी तिसरी, दोन शिंपल्यांत राहणारी, सापडली की तिला ते चावत नाही आणि फोडतही नाही. आपल्या पायाची घडी तिच्याभोवती घालतं आणि थांबतं. तिसरी शिंपले घट्ट मिटून दम धरते, धरते, आणि शेवटी उघडते. मग ते सावकाश खातं. तिला तशीच पायात गुंडाळून फिरतंसुद्धा. एकदा धरलेलं सोडणं त्याला माहीत नाही. जाळ्यात अडकलं, होडीत आपटलं, उन्हात पडलं, तरी घडीत धरलेली तिसरी तिथेच. पाय उलगडून अर्धी खाल्लेली तिसरी मी कितीदा तरी बाहेर काढली आहे, कधी कधी दुसरं लहान येटसुद्धा.

"तुझ्या नवऱ्यावर गेलंय गं हे," म्बिसीन म्हणायची. "घराला आग लागली तरी ताट सोडायचा नाही तो."

आता पिल्लांचं सांगते, कारण सगळं त्या पिल्लांवरून झालं. मासे पाण्यात अंडी टाकून मोकळे होतात. येटची मादी तसं करत नाही. ती आपली अंडी पायातल्या पिशवीत बाळगते, आणि पिल्लं बाहेर येतात ती बोटाच्या पेराएवढी, पाठीवर स्वतःचा शंख घेऊन. आम्ही मादी कापली की ती फळीवर सांडतात आणि लगेच वाळू शोधायला लागतात. पूर्वी कोणी त्यांच्याकडे बघत नसे, कोंबड्या खायच्या. मग येट कमी व्हायला लागलं. मोठी जहाजं समुद्राचा तळ खरवडून नेत होती, परदेशी व्यापारी मिळेल ते उचलत होते, आणि आमचे पुरुष झाडाखाली चहा उकळत सरकारला शिव्या देत होते. म्बिसीनने शिव्या दिल्या नाहीत. ती टब घेऊन आली.

प्रत्येक फळीशी समुद्राच्या पाण्याचा टब. निघालेलं पिल्लू टबात. दुसऱ्या दिवशी ज्या होडीची पाळी असेल तिने टब न्यायचा, जिथे जाळी लावतात त्या खोल वाळूपर्यंत, होडीचं मशीन बंद करायचं आणि पिल्लं हाताने सोडायची. काठावर ओतून चालत नाही, लाट त्यांना परत आणून टाकते आणि पक्षी टिपतात. जी होडी टब नेणार नाही तिचं येट कोणी कापणार नाही. पुरुष हसले. मग एका होडीचा माल संध्याकाळपर्यंत उन्हात सडला, तेव्हा हसू थांबलं. म्बिसीनचा मुलगा वागान तिला "सरकार" म्हणायला लागला तो तेव्हापासून.

वागान तिचा एकुलता एक. आधीची दोन पाळण्यातच गेली होती. उंच, डावा पाय जरा बाहेर टाकत चालणारा, आणि बोलायच्या आधी डोक्यावरची लोकरी टोपी काढून मांडीवर आपटणारा. टोपी आपटली की समजायचं, आता कुणाची तरी खैर नाही. त्याची बायको यांदे खालच्या खाडीतल्या गावची, बोलायला कमी आणि कामाला वाघीण. ते तिघं एका अंगणात राहायचे आणि मला त्या अंगणात रोज जेवायला बोलावलेलं नसताना जायची सवय होती.

वागानचा दोस्त जेगान. गोड बोलणारा, अंग राखून काम करणारा. त्याची पाळी आली तेव्हा त्याने टब काठावरच लाटेत उपडा केला आणि गेला मासेमारीला. म्बिसीनने ओहोटीच्या रेषेवरून मेलेली पिल्लं वेचली. होडीवरचे सगळे पुरुष एका मोठ्या परातीभोवती बसून भात खात होते. तिने पिल्लं परातीत ओतली.

"खा. तूच मारलीस, तूच खा."

"अगं माय, आमचा काय गुन्हा?" बाकीचे ओरडले. "अख्खी परात नासवलीस!"

जेगानने हात झटकले. "म्बिसीनमाय, तुझा वागान कुठे सोडतो ते बघायला गेलीयेस कधी? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं."

"वागानने काठावर टाकली तर त्याच्या परातीत ओतीन. गावासमोर ओतीन. आणि तुला बोलावीन बघायला."

सगळ्यात जास्त वागान हसला. टोपी मांडीवर आपटून म्हणाला, "ऐकलंस ना जेगान? हे सरकार कुणाचंच नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाळवंटाकडून धूळ आली. दरवर्षी येते. त्या वर्षी अशी आली की फळीवरून होडीचं टोक दिसेना, आणि पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. एकही होडी निघाली नाही. आदल्या दिवशी मात्र येट भरपूर आलं होतं आणि माद्या बऱ्याच होत्या. टब भरले होते. पाळी वागानची.

तो आला, टबात बोट फिरवलं. "माय, आज कोणीच जात नाहीये. इथेच सोडतो पिल्लं, जरा पाण्यात शिरून सोडतो."

"इथे सोडलेली जगत नाहीत."

"मग उद्या नेतो."

"उद्यापर्यंत टबात मरतील. अर्धी आत्ताच मलूल झालीत, बघ."

"धूळ बघ ना जरा."

म्बिसीनने मान वर केली. आसपास माणसं होती, आणि त्यात जेगान होता, तिच्याकडेच बघत होता. ते तिने पाहिलं, मीही पाहिलं.

"धूळ काय तू आज बघतोयस? त्या दिवशी मी परात नासवली, आणि आज माझाच मुलगा काठावर टाकणार? जा. सोडून ये. दुपारच्या भाताला ये परत."

मी म्हटलं, "राहू दे की गं म्बिसीन. एक दिवस नाही गेली तर काय समुद्र आटतोय?"

"तू गप, बटके. नदीवाल्यांना समुद्रातलं काय कळतं? दूध पी आणि झोप."

लोक हसले. वागानने टोपी मांडीवर आपटली, पण त्या दिवशी कुणाची लाज काढली नाही. "सरकारचा हुकूम," एवढंच म्हणाला. जेगानने टबाचा दुसरा कान धरला. "चल, मीही येतो. सरकारी माल आहे, दोघांनी न्यायला हवा." ते दोघे धुळीत शिरले आणि मशीनचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुपारचा भात म्बिसीनने झाकून ठेवला. संध्याकाळी तो कुत्र्याला घातला. दुसऱ्या सकाळी शेजारच्या गावच्या होडीने जेगानला आणलं. पेट्रोलच्या रिकाम्या कॅनला मिठी मारून तरंगताना सापडला होता. तोंड मिठाने फुटलेलं. म्बिसीनच्या अंगणात त्याला बसवलं आणि त्याने सांगितलं. ते खोल वाळूपर्यंत पोचले होते. मशीन बंद केलं होतं, नियमच आहे. वागान होडीच्या काठाशी वाकून पिल्लं एकेक करून सोडत होता. "मी म्हटलं ओत सगळी एकदम," जेगान म्हणाला, "तर म्हणतो, ओतली तर उताणी पडतात, माय म्हणते तशी हाताने ठेवू." मग धुळीतून काहीतरी मोठं आलं. दिवा नाही, भोंगा नाही. तळ खरवडणारं जहाज, जिथे यायची त्याला बंदीच आहे तिथे. वागान मशीनकडे धावला, दोरी ओढली, एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढायच्या आत होडी मधून तुटली. जहाज थांबलं नाही.

त्या जहाजाला माझ्या तोंडून जे निघालं ते इथे सांगण्यासारखं नाही. ते कुणाचं, कुठलं, कधीच कळलं नाही. आजही किनाऱ्यावरून मोठं जहाज दिसलं की मी त्याच्याकडे बघून थुंकते. त्याने काय होतं? काही नाही. पण थुंकते.

सगळ्या गावच्या होड्या शोधायला गेल्या. होडीचं अर्धं अंग मिळालं, टब मिळाला, वागान नाही. म्हाताऱ्या बायकांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ताक आणि बाजरीचं पीठ समुद्रात ओतलं, त्याच्याकडे पोरगं परत मागितलं. समुद्राने ताक पिऊन घेतलं. आमच्याकडे बुडालेला माणूस सापडत नाही तोवर ती जागा सोवळी असते. तिथे मासे मारायचे नाहीत, आधीची लावलेली जाळीही काढायची नाहीत. तशी ती राहिली.

म्बिसीन रडली नाही. ती दारात बसून राहिली. तिचं घर ख्रिस्ती, म्हणून चर्चचे फादर आले, म्हणाले, देह नसला तरी प्रार्थना होते, दिवस ठरवू. ती म्हणाली, "माझ्या पोराचं काहीतरी आणा. हाड आणा, बोट आणा, शर्टाची चिंधी आणा. काहीतरी पुरते, मग प्रार्थना करा." फादर परत गेले. आणि वागानच्या कपड्यांची पेटी तिने आपल्या खाटेखाली ओढून तिला कुलूप घातलं.

पेटीला कुलूप का, ते मला कळत होतं. माणूस गेला की थट्टेच्या नात्यातल्या कोणीतरी त्याचे कपडे घालून त्याचं सोंग आणायचं, ही इथली रीत आहे. त्याच्यासारखं चालायचं, त्याच्यासारखं बोलायचं, घरच्यांकडे जेवण मागायचं, लोकांना हसवायचं. मेलेला हसण्यातून जातो, मागे घोटाळत नाही, असं म्हणतात. सोंग झालं की माणूस मेला. मग कुणाला शंका नाही. या गावात अशी किती सोंगं मी आणली आहेत, आणि लोक माझ्याच सोंगाची वाट बघतात, कारण माझ्या जिभेला हाड नाही. म्बिसीनला माझीच भीती होती. मी अंगणात शिरले की तिची नजर खाटेखाली जायची.

या सगळ्यात यांदेचं काय होत होतं ते कोणी बघत नव्हतं. ती बायको नव्हती आणि विधवाही नव्हती. विधवेची वस्त्रं घालता येईनात, केस सोडता येईनात, सुतकाचे दिवस धरता येईनात, कारण सासू म्हणत होती अजून कोणी मेलंच नाही. भेटायला येणाऱ्यांना कळेना, तो येईल म्हणून हिला धीर द्यावा की तो गेला म्हणून हिचं सांत्वन करावं. ती सकाळी अंगण झाडायची, भात शिजवायची, वागानची वाटणी काढावी की नाही म्हणून हातात पळी धरून उभी राहायची. तिचे भाऊ तिला न्यायला आले आणि तसेच परत गेले. प्रार्थना झाल्याशिवाय ती घर सोडू शकत नव्हती.

एक दिवस तिचा बांध फुटला. मी तिथेच होते.

"त्याला मरू दे ना, माय," ती म्हणाली. "मला रडू दे. एवढं तरी दे मला."

"आणायला गेलेत त्याला," म्बिसीन म्हणाली.

"कोण गेलंय? कोणी गेलेलं नाही! गोगलगाईच्या पोरांसाठी तू माझा नवरा पाठवलास, आणि आता त्याला मरूही देत नाहीस!"

म्बिसीनने तोंड फिरवलं. मला वाटलं होतं ती उसळेल, कारण त्या बाईला उलट उत्तर कोणी दिलेलं मी पाहिलं नव्हतं. ती खाली वाकली आणि पेटीचं कुलूप ओढून बघितलं, आणि मला त्याची फार भीती वाटली.

शेवटी पुरुषांनी ठरवलं, पुरे झालं. घराघरांत भात संपत आला होता. ते गेले आणि इतके दिवस तळाशी राहिलेली जाळी ओढली. जाळी येटने लगडून आली होती. माझ्या उभ्या आयुष्यात एवढं येट मी पाहिलं नाही. होड्यांतून ते वाळूवर ओतत राहिले आणि ढीग वाढत राहिला. एरवी बायका गाणी म्हणत धावल्या असत्या. त्या दिवशी सगळ्या फळ्यांमागे उभ्या राहिल्या आणि कोणी सुरा उचलेना.

कोणीतरी हळूच म्हणालं, "एवढं येट कशावर जमलं तिथे?"

"गप गं."

"गप काय? जाळ्यात मेलेले मासे होते, त्यावर जमलं."

"मासेच होते कशावरून?"

मीही सुरा उचलला नाही, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात म्बिसीन आली. घराबाहेर पडली ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बायकांनी वाट दिली. ती आपल्या फळीशी बसली, ढिगातलं पहिलं येट ओढलं, सुरा घातला, पीळ दिला. कुणाकडे बघितलं नाही. मग दुसरं. मग तिसरं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, पोटचा गोळा गेला आणि तरी गावाच्या पोटासाठी बसली," असं एक जण म्हणाली, आणि एकेक करून सगळ्या बसल्या. सुऱ्यांचा आवाज सुरू झाला. मीही बसले.

पण माझी फळी तिच्या फळीशेजारी. बाकीच्यांना दिसलं नाही ते मला दिसत होतं. ती येट कापत नव्हती. कापायचं म्हणजे मांस काढायचं, चिरायचं, पिंपात टाकायचं, हात थांबत नाही. ती प्रत्येक येटचा पाय उलगडत होती. दोन्ही अंगठ्यांनी घडी उघडायची, आत धरलेलं बाहेर काढायचं, तळहातावर घ्यायचं, बादलीतल्या पाण्यात धुवायचं आणि डोळ्यांजवळ नेऊन बघायचं. तिसरी. तिसरी. गोट्याएवढा शंख. काहीच नाही. तिसरी. मग ती येटची आतडी चिरून तीही धुवून बघत होती.

मी माझे हात बाजूला ठेवले. "म्बिसीन."

"तू तुझं काम कर."

"म्बिसीन, येट जिवंत शिकार धरतं, मेलेल्याला शिवत नाही. तूच सांगायचीस ना."

"हो ना," ती म्हणाली. "मीच सांगायचे. आणि धरलेलं सोडत नाही, हेही मीच सांगायचे."

ऊन चढलं. बायका आपापले वाटे उरकून पाणी प्यायला उठल्या, ती बसूनच होती. एकदा तिचा हात थांबला. तळहातावर पांढरं, चपटं, नखासारखं काहीतरी होतं. तिने ते अंगठ्याने चोळलं, पुन्हा चोळलं, आणि माझ्यापुढे धरलं.

"काय आहे गं?"

"शिंपल्याचा तुकडा."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. देवाशपथ, जेवढं नीट बघता येतं तेवढं बघितलं. "शिंपला आहे, म्बिसीन. तिसरीचा."

तिने तो बाजूला ठेवला, फेकला नाही. नंतर तिने दुसऱ्या फळ्यांवरचं कापलेलं येटही मागवून घेतलं. कोणी का म्हणून विचारलं नाही. तोवर सगळ्यांना कळलं होतं ती काय शोधतेय. ढीग संपला तेव्हा तिच्यापुढे शिंपल्यांची एक रास होती आणि तिच्या मुलाचं त्यात काही नव्हतं.

माद्याही पुष्कळ होत्या, टब पिल्लांनी भरले होते. ते तसेच पडून होते. जेगान आला, वागान गेल्यापासून तो तिच्यासमोर येत नसे. त्याने एक टब उचलला. "माय, मी नेतो. आजच नेतो."

"ठेव खाली."

"माय, नियम आहे..."

"ठेव खाली म्हणते ना!" ती ओरडली. अख्ख्या किनाऱ्याला ऐकू गेलं. "कुणीही कुठे जाणार नाही. ठेव."

जेगानने टब ठेवला आणि तोंड झाकून निघून गेला. पाणी उन्हाने तापत गेलं. पिल्लं आधी टबाच्या भिंतींवर चढली, मग एकेक करून तळाशी गेली. म्बिसीन बघत बसली होती. सगळी थांबली तेव्हा ती उठली, हात धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चल घरी. पेटीची किल्ली देते."

प्रार्थना झाली. फादरनी जे म्हणायचं ते म्हटलं. यांदेने केस सोडले, विधवेची वस्त्रं घातली आणि एवढ्या मोठ्याने रडली की पलीकडच्या वाडीतून माणसं आली. मला तिचं रडणं ऐकून बरं वाटलं, हे म्हणणं वाईट दिसतं पण खरं आहे. अंगण भरलं होतं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी आत जाऊन वागानचा हिरवा शर्ट घातला, त्याची दुसरी लोकरी टोपी घातली. शर्टाला येटचा वास होता, आमच्या सगळ्यांसारखाच. डावा पाय बाहेर टाकत अंगणात आले. लोक आधी दचकले. मी टोपी मांडीवर आपटली आणि जेगानकडे वळून म्हणाले, "काय रे, कॅनला मिठी मारलीस म्हणे? तुझी बायको एवढी बारीक झाली का?" पहिला तो हसला, रडत रडतच हसला, मग सगळे. मी एकेकाची काढत गेले. फादरचीही काढली. यांदेपुढे उभी राहून म्हणाले, "माझी वाटणी कुणाला घातलीस? त्या तुकुलेर बटकीला?" तिने पदराआडून हो म्हणून मान हलवली आणि तिच्या ओठांवर जरासं हसू आलं.

मग आईकडे जायचं असतं. शेवटी आईकडे. मेलेला जेवण मागतो, आई त्याला शिव्या घालून हाकलते, लोक हसतात, सोंग संपतं. म्बिसीन चटईवर बसली होती. मी तिच्यापुढे जाऊन टोपी मांडीवर आपटली.

"माय, भूक लागलीय."

तिने वर बघितलं. मी वाट बघत होते की ती म्हणेल, चालता हो, मेलेल्यांना कसली भूक. तिने माझ्या शर्टाची बाही धरली. बोटांत गुंडाळून धरली, आणि मला खाली ओढलं, अगदी तोंडाजवळ. इतक्या हळू बोलली की मागच्यांना ऐकूही गेलं नसेल.

"आज कोणीच गेलेलं नाही रे," ती म्हणाली. "धूळ बघ केवढी आहे. इथेच टाक ती पिल्लं. काठावर टाक. कोण बघतंय?"

अंगणातलं हसू बंद पडलं होतं.

"टाकतो, माय," मी वागानच्या आवाजात म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. बाही तिने सोडली नव्हती. "मग हात धू आणि जेवायला बस."